शपथेची शिळी बातमी

मी मटार सोलत होतो आणि बायको मला अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षाच्या शपथेची बातमी वाचून दाखवत होती. आम्ही दोघांनी मिळून केलेलं ते शेवटचं काम.

लायब्ररीत दर आठवड्याला म्हाताऱ्यांचा इतिहासाचा वर्ग भरतो. तिथून तिनं त्या जुन्या पेपराची झेरॉक्स आणली होती. मी चौथी पास. सगळी हयात इंग्लंडात, कॉव्हेंट्रीत गेली, कारखान्यात लोखंड ओतलं, पण इंग्रजी पेपर काही मला वाचता आला नाही. ती नर्स होती. ती वाचायची आणि मराठीत सांगायची.

"फोटो नाही, मोठा मथळा नाही?" मी विचारलं.

"नाही. वर गलबतांच्या खबरा, खाली कुणाचा तरी घोडा हरवलाय. मधे अध्यक्ष."

"घोडा सापडला का?"

"अहो, शपथ ऐका! तपकिरी देशी कापडाचा सूट घातला होता म्हणे. सज्जात उभे राहिले, खाली ही गर्दी."

"लांबच्या गावांना कधी कळलं?"

"पेपर टपालानं जायचा, घोड्यावरून. कुठं आठवड्यानं, कुठं त्याहून उशिरा."

"म्हणजे शिळीच बातमी."

"ज्याला कळली नाही त्याला ताजीच की," असं म्हणून ती चहा टाकायला उठली. ओट्यापाशी मटकन खाली बसली, ती परत उठली नाही.

संध्याकाळी हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, गेल्या. मुलाला आम्ही कळवू का, असंही विचारलं. मी म्हटलं, नको, मी सांगतो.

मुलगा रीडिंग नावाच्या शहरात असतो. फोनवर बोलायची ती. मी शेजारून ओरडायचो, "जेवला का विचार." उभ्या संसारात घरातली एकही बातमी मी कुणाला सांगितली नव्हती. कारखाना बंद पडून माझी नोकरी गेली, तीसुद्धा मुलाला तिनंच सांगितली. गावाकडं कुणी वारलं तरी सगळ्यांना कळवायचं काम तिचं.

घरी येऊन फोन हातात घेतला. नंबर लावला नाही. मनात आलं, पोरगा तिकडं जेवायला बसला असेल, आई आहे असं समजून. जेवू दे त्याला. मी फोन खाली ठेवला.

चुकलंच माझं. तो अजून म्हणतो, "बाबा, त्याच संध्याकाळी कळायला हवं होतं मला. तिच्याजवळ आलो असतो." खरं आहे त्याचं. दया वगैरे काही नव्हती ती, भ्यालो होतो मी.

सकाळी पहिल्या गाडीनं रीडिंगला गेलो. एकटा असा कधी गेलोच नव्हतो. बेल वाजवली. दार मुलानंच उघडलं, ब्रश तोंडात. त्यानं आधी माझ्या पाठीमागं रस्त्यावर बघितलं. मग ब्रश काढून म्हणाला, "आई कुठंय?"

मी म्हटलं, "आधी तोंड धुऊन ये."

तो हलला नाही. मग तिथंच, दारात उभ्या उभ्या, सांगितलं.