गुरुवारचा कणकेचा गोळा

नामदेवभावजी गेल्याचं कळलं तेव्हा माझे हात कणकेत होते. भिसेगावला लेकीकडे म्हणून गेले ते गेलेच... आमच्याकडे रोजची तांदळाची भाकरी. कणीक मळायची ती गुरुवारच्या भजनासाठी. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय तो घुमत नाही, आणि लग्न होऊन कडावला आल्यापासून माझ्या या दिराला तो गोळा मीच देत आले.

गावात भाताची गिरणी आली तेव्हाची गोष्ट सांगते. मुसळं कोपऱ्यात गेली, आम्ही बायका सुटलो म्हणालो. भावजींना मात्र करमेना. कांडताना आमच्या तोंडून 'हुं... हुं' निघायचा, तो त्यांना हवा होता. देवळापुढे उखळं मांडायची. पखवाज, ढोलकी, संबळ आणि आमचा तो हुंकार, शब्द एकही नाही, असं काहीतरी नवंच त्यांनी मनात बांधलं. सासूबाई म्हणाल्या, "समद्या देवळात कांडाया गेल्या तर घरी भात कोन शिजवनार रं?" भजनी मंडळाचे बुवा तर चिडलेच. पखवाज मंडळाचा. त्यांनी बजावलं, लोक मधेच उठले तर पखवाज परत द्यायचा.

ठरल्या दिवशी देवळापुढे आधी बुवांचंच बोलणं लांबलं, तोवर कणीक वाळली. वाजवायला सुरुवात होऊन जरा रंग भरतोय, तोच पखवाजावरची सुकलेली कणीक गळून पडली. आवाज बद्द. भावजी थांबले, ढोलकी-संबळवालेही थांबले. लोक हसायला लागले. पण आम्हाला थांबता येईना. एका उखळात दोघींची मुसळं आळीपाळीनं पडतात. एकीनं मधेच हात आखडला की मुसळावर मुसळ आदळायचं. तशाच कांडत राहिलो. हळूहळू पायाखालची जमीन घुमू लागली. आमचा 'हुं' देवळाच्या भिंतीवरून परत यायचा. आपला कुठला, भिंतीचा कुठला, कळेना. अंगावर काटा आला. जन्मभर कांडलं, पण एवढं मोठं काही आपल्या आत आहे हे कधी ठाऊकच नव्हतं... भावजी डोळे मिटून ऐकत होते. हसणं कधीच थांबलं होतं. उखळातलं भात कांडून झालं तेव्हाच आम्ही थांबलो, तरी कुणी उठेना.

बुवा आले, उखळातले चार दाणे उचलून कपाळाला लावले. म्हणाले, "नामा, पखवाज ऱ्हाऊ दे तुज्याकडं. पन वहिनीला कणीक जरा सैल मळाया सांग."

तेव्हापासून पखवाज आमच्या ओटीवर आहे. परवा गुरुवारी कणीक मळून झाली, मग लक्षात आलं, गोळा घ्यायला भावजी नाहीत. टाकवेना. गोळा पखवाजाला थापला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यावर एक थाप दिली. घर घुमलं... आणि माझ्या तोंडून आपसूक निघालं, 'हुं'.