ताईला चित्र फाटलेलं दिसायचं

माझ्या मोठ्या बहिणीची, ताईची, नजर विलक्षण होती. कॉम्प्युटरवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम चालू असावा, गाडी भरधाव वळावी आणि तिनं शांतपणे म्हणावं, ‘‘फाटलं बघ.’’ आम्हाला काही दिसायचं नाही. मग ती पडद्यावर बोट ठेवून दाखवायची. रस्त्याकडेचा खांब मधोमध तुटलेला, वरचा भाग एकीकडे, खालचा जरा सरकून दुसरीकडे. डोळ्याचं पातं लवेपर्यंत पुन्हा सगळं नीट.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बाबा रेल्वेत, मूळचे वर्ध्याचे, बदलीनं जयपूरला आलेले. ताई कॉलेजात होती आणि रविवारी सी-स्कीम भागातल्या एका तळघरातल्या गेमिंग पार्लरला जायची. तिथं ती एकटीच मुलगी. पार्लरवाले भैया सुरुवातीला तिला कोपऱ्यातलं रडकं मशीन द्यायचे. पुढे नवं मशीन आलं की तपासायला तिलाच बोलावू लागले.

चित्र का फाटतं ते तिनं मला पोळ्या लाटता लाटता समजावलं होतं. कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड चित्रं बनवतं, मॉनिटर ती दाखवतो. मॉनिटरचं एक चित्र अर्ध्यात असतानाच कार्डनं पुढचं पाठवलं, की वर जुनं आणि खाली नवं दिसतं. ‘‘मतलब, कार्डनं जरा थांबायला हवं,’’ ती म्हणाली. तशी सेटिंग गेममध्येच असायची. ती चालू केली की गाडी किंचित जड वळायची, पण चित्र अखंड राहायचं. ताईला तेच हवं असे.

बाबांना हा सगळा वेळेचा नास वाटायचा. ‘काय करून राहिली तू तिथं?’ हा त्यांचा दर रविवारचा प्रश्न. अशात एका कॉलेजच्या उत्सवात याच गेमची स्पर्धा जाहीर झाली. बक्षीस होतं नवं ग्राफिक्स कार्ड. घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर तो गेम धड चालत नव्हता आणि कार्ड घेऊन द्यायला बाबांनी साफ नकार दिला होता. जिंकलीस तर घरी खेळ, हरलीस तर पार्लर बंद, असं त्यांनी बजावलं आणि स्वतः बघायला आले.

अंतिम फेरीत ताईसमोर विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातल्या एका कामगाराचा मुलगा होता. तीनपैकी दोन शर्यती जिंकायच्या होत्या. पहिली ताईनं सहज घेतली. तो दर वळणावर कुठे ना कुठे आदळत होता. टाळ्या पडल्या. ताई पाणी प्यायला वाकली आणि तिची नजर शेजारच्या, त्या मुलाच्या पडद्यावर गेली. तिथं त्याच शर्यतीची पुनरावृत्ती चालू होती. तिनं बाटली तशीच खाली ठेवली आणि त्याला विचारलं, वळताना तुला चित्र तुटल्यासारखं दिसतं का? त्यानं होकारार्थी मान हलवली. आपलेच डोळे अधू असतील असं त्याला वाटत होतं.

ताई उठून आयोजकांकडे गेली. ‘‘त्याचं चित्र फाटतंय, माझं नाही. ही शर्यत धरू नका,’’ तिनं हिंदीत सांगितलं. तक्रार कुणाचीच नाही, निकालही लागलाय, असं म्हणून त्यांनी तिची समजूत घालून पाहिली. ती खुर्चीमागे उभी राहिली. दोन्ही मशीनची सेटिंग सारखी होईपर्यंत बसली नाही.

शर्यती पुन्हा पहिल्यापासून झाल्या. आता तो मुलगा अशा सफाईनं वळणं घेऊ लागला की मागचे लोकही पुढे सरकून बघू लागले. ताई शेवटच्या वळणापर्यंत झुंजली आणि हरली. कार्ड तो घेऊन गेला.

 पार्लर संपलं, असं मी मनाशी धरून चालले होते. पुढच्या रविवारी त्यांनी स्कूटर बाहेर काढली आणि ताईला हाक मारली. ‘‘चल, सोडून देतो तुला.’’

गणपतीत मराठी मंडळींच्या घोळक्यात प्रत्येक जण आपापल्या मुलांचे नंबर सांगत होता. कुणीतरी बाबांना ताईबद्दल विचारलं. ‘‘ती हरली,’’ बाबा म्हणाले. ‘‘मी होतो तिथं. शेजारच्याला नीट दिसत नव्हतं, म्हणून जिंकलेली शर्यत परत केली पोरीनं.’’

ताई आता हैदराबादला गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. बाजारात जाण्याआधी गेममधले दोष शोधणं हे तिचं काम. बाबा निवृत्त होऊन वर्ध्याला परतले. ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, ते त्यांना अजूनही सांगता येत नाही. ती शर्यत मात्र ते येणाऱ्याजाणाऱ्याला वळणावळणासकट सांगतात.