लाकडं ओली आहेत

दार उघडलं आणि तो वास आला. ओल्या काजळीचा. पावसाळाभर बंद राहिलेल्या आमच्या लोणावळ्याच्या बंगल्यात भिंतींना बुरशी, गाद्यांना दमट कुबट वास, हे असतंच हो. पण फायरप्लेसमधून येणारा हा कडवट, विझलेला वास वेगळाच. तो नाकात शिरला की मी थेट आठ वर्षांची होते. गाल भाजतायत, पाठ गारठलीये, आणि बंगला सांभाळणारे भाजे गावचे काका फुंकणीनं निखारे फुलवतायत, लाल, केशरी, मग पुन्हा लाल. तुमच्याकडेही असा एखादा वास असेलच ना?

या डिसेंबरात बाबांची साठी. त्यांनी एकच मागितलं, "एकदा ती पेटव." मी म्हटलं, एवढंच ना! पण इतकी वर्षं थंड पडलेलं ते धुराडं आत लाकडं पेटवण्याजोगं उरलंय का, हे सांगणारा माणूस अख्ख्या मावळात मिळेना! चिमणीवाल्याला फोन केला तर तो विचारतो, "मॅडम, शेगडी किती बर्नरची?" तळेगावचा टाइल्सवाला आला, भिंतीवर टकटक करून म्हणाला, "बुजवून टाका ताई. वर एलईडीची ज्वाळा बसवू, रिमोटवर रंग बदलतो." रंग बदलतो! मला नुसतं ओरडावंसं वाटत होतं.

आणि खरं सांगू, राग काकांवरही होताच, जुना. त्यांच्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत मी कितीही हट्ट केला तरी एकच उत्तर, "लाकडं ओली हायेत." लाकडं तर पडवीत रचलेली, खडखडीत वाळलेली! मी चिडून त्यांच्याशी बोललेच नाही. पुढच्या हिवाळ्यात ते नव्हते.

शेवटी त्यांच्या बायकोलाच, मावशीला, भाज्याहून बोलावलं. चहाही न घेता तिनं विचारलं, "वरचं घमेलं काढलं का?"

"कुठलं घमेलं?"

"आगं, पावसाआधी धुराड्याच्या तोंडावर पालथं घालायचे न्हाई का ते! दिवाळी झाली की काढायचे."

म्हणजे मी बंद तोंडाखाली लाकडं पेटवणार होते! फुटलेली कौलं बदलायला आलेल्या माणसाला लगेच वर चढवलं. गंजून चाळण झालेलं घमेलं आणि पक्ष्यांच्या काड्यांचा भारा खाली आला. मावशीनं मूठभर ओलसर पेंढा फायरप्लेसमध्ये ठेवून पेटवला. धूर क्षणभर घुटमळला आणि सरळ वर ओढला गेला. मी उड्याच मारल्या.

तेवढ्यात माडीवरून बाबा ओरडले, "अगं, कपाटातून धूर येतोय!"

धावत वर जाऊन पाहिलं, तर भिंतीतल्या लाकडी कपाटामागे धुराड्याला हात जाईल एवढी चीर. कपाटात घोंगड्या, गोधड्या, पुस्तकं. आणि खोली बाबांच्या झोपायची.

मी खाली येऊन सांगताच मावशीनं पेंढ्यावर तांब्या उपडा केला. चुर्र झालं. मग म्हणाली, "त्येंना ठावं व्हतं, धुराडं कुठंतरी चिरलंय. म्हनून तर लाकडं ओली व्हायची, आन् म्या बी आधी नुसता पेंढाच लावला."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं आसतं तर तुज्या आजानं दुसऱ्या दिवशी बुजवून घेतली आसती. ते म्हनायचे, राहू दे, पोरगी बसती म्होरं."

मला इतका राग आला, इतका, आणि तो ठेवायला जागाच नाही. एक शब्द बोलले असते तर! दोन हिवाळे मी त्या माणसाकडे पाठ करून बसले होते, आणि तो माझ्या बसायच्या जागेवर पहारा देत होता. धुराडं आतून सांधणारा गवंडी मी अजून शोधतेय. मिळेल न मिळेल. साठीपर्यंत तर नाहीच.

तोवर नवं घमेलं वर पालथं घातलंय. संध्याकाळी बाबा शाल पांघरून त्या काळ्या, गार कोनाड्यासमोर खुर्ची ओढतात, मी खाली गुडघे पोटाशी घेऊन बसते. सगळं माहीत असूनही ते रोज विचारतात, "काय, पेटवायची का आज?"

मी म्हणते, "लाकडं ओली आहेत, बाबा."