पान दोनशे बारा

दुसऱ्या ओढ्यावरची मोरी ओलांडली तेव्हा विजयमालानं विचारलं, "ताई, तुमची पोथी कवा अर्धी ऱ्हायली होती का वो?"

तोवर आम्ही तासभर चाललो होतो. एवढ्या वेळात तिचं बोलणं म्हणजे "कडंनं चाला, डंपर येत्यात" आणि "पानी पायजे का" एवढंच. पाटणपासून तिच्या गावच्या भैरोबाचं देऊळ सहा-सात किलोमीटर आहे. रिक्षा मिळते. पण तिनं फोनवर सांगितलं होतं, "चालत जाऊया, जमत असंल तर." मी सांगलीहून पहाटेच्या एसटीनं निघाले. माझे गुडघे दुखतात हे तिला माहीत आहे. तरी चालत म्हणाली, म्हणून मी काही विचारलं नाही.

"राहिली होती," मी म्हणाले. "सासूबाई गेल्या तेव्हा. पारायणाचा पाचवा दिवस होता."

"मग?"

"मग काय, सुतकात पोथीला हात लावत नाहीत. शेजारच्या राहीबाई आल्या, पोथी उचलून त्यांच्या घरी नेली. उरलेले अध्याय त्यांनी वाचले, माझ्या नावानं नैवेद्य दाखवला आणि चौदाव्या दिवशी पोथी कापडात बांधून आणून दिली."

"मंजी तुमाला लागू झालं ते?"

"देवाला माहीत. पण पोथी अडकून राहिली नाही."

"आन् घरातलंच कुनी वाचलं असतं तर?"

"घरातल्यांनाही सुतकच की गं. बाहेरचंच माणूस लागतं."

"हां," ती म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली.

विजयमालाचं पाटणला कचेरीसमोरच्या बोळात झेरॉक्सचं दुकान आहे. एक मशीन, एक संगणक, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. लोक उतारे घेऊन येतात, दाखले घेऊन येतात, अर्ज टाईप करून घेतात. दुपारी दोन ते तीन कचेरीची जेवायची सुट्टी असते, तेव्हा बोळात कुणी फिरकत नाही. त्या तासात ती वाचते. बारावीनंतर लग्न झालं, पुढं शिकली नाही, पण वाचायचं सुटलं नाही. आठ वर्षांपूर्वी तिनं त्याच संगणकावर ब्लॉग काढला आणि त्याला नाव दिलं 'दोन ते तीन'. पुस्तकावर लिहिताना मध्येच दुकानातलंही लिहायची. एका आजोबांना आधारकार्डाच्या पाच प्रती काढून देईपर्यंत नायिकेचं लग्न मोडलं, अशा तऱ्हेनं. हसू यायचं. पण हसून झालं की ते पुस्तक मागवावंसं वाटायचं.

तिच्या ब्लॉगचा नियम एकच. शेवट सांगायचा नाही. माझी-तिची ओळख याच नियमावरून झाली. मी एका लेखाखाली मोठ्या हौसेनं चार ओळी लिहिल्या, तर तासाभरात त्या गायब. खाली उत्तर, "ताई, तुम्ही शेवट लिहिला होता, म्हणून पुसलं. राग मानू नका." मला राग आला होता. दोन दिवसांनी गेला. मग मी तिला सांगलीच्या आमच्या वाचकांच्या बैठकीला बोलावलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आम्ही सातआठजण एका हळदीच्या व्यापाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत जमतो. खाली पोती, वर पुस्तकं. घरी जाताना सगळ्यांच्या कपड्यांना हळदीचा वास. ती पाटणहून यायची, कऱ्हाडला गाडी बदलून. तीन वर्षांत दोनदाच चुकली.

शेवट एकाच माणसाला कळायचा, तिच्या नवऱ्याला. जोतीराम फौजेत तोफखान्यात होते, हवालदार होऊन परतले. नंतर ऊस आणि दोन म्हशी. डाव्या कानानं त्यांना जवळजवळ ऐकू यायचं नाही. स्वतः कधी पुस्तक उघडलं नाही, पण रात्री जेवताना विचारायचे, "आज कुठवर आलीस?" मग ही त्यांच्या उजव्या अंगाला बसून सांगायची, आणि मोठ्यानं सांगावं लागे म्हणून शेजारच्यांनाही सगळ्या कादंबऱ्या माहीत. मी एकदा त्यांच्याकडं मुक्कामाला होते, तेव्हा मी ऐकलं आहे. जोतीराम म्हणाले, "आवं ताई, हिला सांगा, शेवटचं पान आधी वाच म्हनावं. आमच्या फौजेत आधी नकाशा बघत्यात, मग चालत्यात."

"मग चालायचं कशाला?" विजयमाला म्हणाली. "नकाशाच बघत बसायचं."

"बघा! हवालदाराला उलटं बोलती."

गेल्या दिवाळीनंतर आठव्या दिवशी ते गेले. शेतीची लाईट दुपारी एकला येणार होती. मोटार चालू करायला म्हणून गेले. मोटार चालू झाली, पाणी पाटाला लागलं, ते मात्र परत आले नाहीत. चुलतभाऊ मानसिंग बघायला गेले तर हे मोटारीच्या खोलीच्या दारात, भिंतीला पाठ टेकून बसलेले. डॉक्टरांनी हार्ट म्हणून सांगितलं. बावन्न वर्षांचे होते. फोन आला तेव्हा अडीच वाजले होते आणि विजयमालाच्या हातात एक जाड कादंबरी होती, पान दोनशे बारा. तिनं खुणेला एक खराब निघालेला झेरॉक्सचा कागद घातला, मशीन बंद केलं, शटर ओढलं आणि गेली. हे सगळं तिनंच मला पुढं सांगितलं. मशीन आधी बंद केलं की पुस्तक आधी मिटलं, हे आठवत नाही म्हणाली, आणि त्यावर बराच वेळ विचार करत बसली.

मी दिवसांना गेले होते. ती रडत नव्हती. आलेल्याला पाणी दिलं का, एवढं विचारत होती. मला वाटलं, पुढं रडेल. अजून तरी रडलेली नाही.

पंधराव्या दिवशी दुकान उघडलं. पहिला अर्ज स्वतःचाच टाईप केला, वारसनोंदीचा. असले अर्ज तिनं शेकड्यानं केलेत, नमुना संगणकात तयारच असतो, नावं तेवढी बदलायची. तिनं स्वतःचं नाव घातलं, मुलीचं घातलं, गट नंबर घातला. मयताचं नाव बदलायचं राहिलं. कचेरीत तलाठ्यानं वाचून दाखवलं, "मयत नामे धुळा अमुक तमुक. बाई, हे कोण?" आधीच्या गिऱ्हाइकाचं होतं.

"मला बरं वाटलं, ताई," तिनं फोनवर सांगितलं. "तेवढा वेळ दुसराच कोन तरी मेला होता."

मी "हूं" म्हणाले.

ब्लॉग त्या दिवसापासून तसाच आहे. खाली लोक विचारतात, ताई कुठं गेलात, नवीन काय वाचताय. तिनं उत्तर दिलं नाही, बंदही केला नाही. पुस्तक हातात घेतलंच नाही म्हणाली. दोन ते तीन काय करतेस विचारलं, तर म्हणाली, "बसती."

माघात तिला मी बैठकीला बोलावून घेतलं. चूक माझीच. बाहेर पडली तर बरं वाटेल, असं आपलं मला वाटलं. नेमका त्याच कादंबरीवरचा सिनेमा आला होता. कादंबरीचं नाव इथं लिहीत नाही, लिहिलं तर कुणीतरी शेवट सांगेल. गोष्ट एवढीच, की एक बाई नदीवर होडी चालवते, आयुष्य त्यातच गेलेलं, आणि आता नदीवर पूल होतोय. पुलाच्या उद्घाटनाच्या आदल्या रात्री कुणीतरी तिची होडी सोडून देतं. ते आलंय दोनशे बारा पानाच्या थोडं आधी. कुणी सोडली, हे पुढं.

आमच्यातल्या नानासोंना कुठलाच सिनेमा पुस्तकाएवढा चांगला वाटत नाही. पेन्शनर माणूस, बोलायला बसले की थांबत नाहीत. "सिनेमावाल्यांनी पुस्तकाची नुसती पाठ वाचलीय," ते म्हणाले. "सगळा पूलच दाखवलाय. बाई कुठंय?"

सोनिया कॉलेजात शिकवते, पुस्तकांवर मोबाईलवर छोटे व्हिडिओ करते. ती म्हणाली, "नाना, तुम्ही मध्यंतरानंतर झोपला होता. मी शेजारीच होते. घोरत होता."

"डोळे मिटून बघत होतो."

"मग शेवट सांगा बघू."

"शेवटच तर बदललाय त्यांनी! पुस्तकात होडी सोडतो तो—"

"नाना!" मी ओरडले. कधी नाही ते एवढ्या मोठ्यानं.

विजयमाला उठली होती. "चालू द्या तुमचं," म्हणाली, "मी खाली थांबते." आणि खाली जाऊन पोत्यांपाशी उभी राहिली. मी मागोमाग गेले तर चपला हातातच होत्या, पायात घातल्या नव्हत्या.

"ऐकलंस का?" मी विचारलं.

"न्हाई."

नंतर नानासोंनी तिला फोन केला, माफी मागितली. तिनं म्हटलं, त्यात काय. पण पुढच्या दोन बैठकांना आली नाही. आणि मग तिचाच फोन आला, चालत जाऊया म्हणून.

देवळात पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. पुजारी नव्हता. मी हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. नेहमी काहीतरी मागते, त्या दिवशी काय मागावं ते ठरेना, म्हणून नुसतं नाव घेतलं. ती दाराच्या खांबाला टेकून बसली होती. मी प्रसादाची साखर दिली, ती खाल्ली.

"आदल्या रात्री त्यांनी इचारलं होतं," ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं, तीच बोलली. "म्हनले, होडी कुनी सोडली? मी म्हनलं, मला तरी कुठं ठावं हाय, तितंवरच वाचलंय. तर म्हनले, बघ की शेवटचं पान. पुस्तक पिशवीतच होतं, ताई. हाताला लागत होतं. मी म्हनलं, न्हाई, उद्या सांगती."

"मग?"

"मग म्हनले, लय कडक मास्तरीन हायेस. आन् झोपले."

देवळामागं कुणाची तरी शेळी ओरडत होती. मी म्हणाले, "तुला काय माहीत होतं गं."

"तसं न्हाई. मी रडगानं सांगत न्हाई. मी वाचायला बसलीवती एकदा, शिवरात्रीला. पान उघडलं. पन म्हनलं, मला कळंल आन् त्यांना न्हाई. त्यांच्याफुडं कशी जाऊ? मिटलं."

अंकिता, तिची मुलगी, पुण्याला नर्सिंगला आहे. तिनं म्हटलं होतं, आई, मी वाचून सांगते. विजयमाला नको म्हणाली. मला तेव्हा वाटलं होतं, हट्ट आहे.

परतताना तिनं रस्ता सोडला आणि शेताच्या वाटेला लागली. मी मागं. ऊस तुटून गेला होता, बुडख्यांतून फुटलेला खोडवा हातभर वर आलेला. मानसिंगनं मोटार लावली होती, तिचा आवाज लांबूनच येत होता. मोटारीची खोली म्हणजे विटांच्या चार भिंती आणि वर पत्रा. दारापाशी भिंतीचा चुना एका जागी थोडा गेलेला. तेवढं मी पाहिलं, मग दुसरीकडं पाहिलं.

बांधावर बसून तिनं पिशवीतून एक गाठोडं काढलं. पूर्वी कधीतरी ओटीत आलेला हिरवा खण, त्यात ते पुस्तक बांधलेलं. पोथी बांधतात तशीच गाठ. वरून झेरॉक्सच्या कागदाचं टोक दिसत होतं. तिनं ते माझ्या मांडीवर ठेवलं.

"चौऱ्याऐंशी पानं हायेत," ती म्हणाली. "एका बैठकीत न्हाई व्हायची. दोनतीन खेपा लागतील तुमाला. एसटीचा तरास हाय, मला कळतंय."

"मला वाचायचं होय हे?"

"तुमी भायेरच्या. तुमीच म्हनला, भायेरचं मानूस लागतं. तितं दारापाशी बसून वाचा. मी हितं बांधावरच बसंन, मला हितवर ऐकू येत न्हाई मोटार चालू असली की. झालं की खण बांधा आन् मला एवढंच सांगा, झालं म्हनून. होडी कुनी सोडली ते सांगू नका. मी इचारलं तरी सांगू नका. मग मी माझी वाचीन, वाचवंल तवा."

मी गाठ सोडली नव्हती. हात खणावर होता. तिनं खोलीकडं बघितलं आणि जागा दाखवावी तसं बोट केलं.

"मोठ्यानं वाचा, ताई. आन् उजव्या अंगाला बसा. डाव्या कानानं त्यांना ऐकू येत न्हाई."