बिनविरोध

मंगळवारी सकाळी माझी मोठी बहीण वारली. ती आमदार होती आणि लेखिका होती. मी सिंगापूरला, बुकित पंजांगच्या घरी होते. तिच्या मुलाचा फोन आला. तोही तेव्हा सिंगापूरलाच, बुओना व्हिस्टाला राहायचा. "मावशी, आई गेली," एवढंच म्हणाला. संध्याकाळच्या विमानाने आम्ही दोघं निघालो.

सगळा मतदारसंघ तिला ताई म्हणायचा. माझी ती खरोखरची ताई, पण तो शब्द लोकांनी घेतला तो घेतलाच. गावी गेल्यावर 'ताई आल्या' असं कोणी ओरडलं की मीही इतरांबरोबर बाजूला व्हायचे. अंत्यविधीला तेच झालं. शासकीय इतमाम होता, पोलिसांची सलामी होती, आणि मैदानभर पुरुष होते. मला तिच्या पायांपर्यंत जाता आलं, चेहऱ्यापर्यंत नाही. घोषणा चालू होत्या. आधी 'अमर रहे' झालं, मग कोणीतरी भाच्याचं नाव घेतलं आणि तेही गर्दीने उचललं. चितेला अग्नी द्यायचा अजून बाकी होता. माझ्या शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "आता धाकले साहेब आहेत ना." भाचा तोपर्यंत कोणाचा साहेब नव्हता. सिंगापूरच्या एका कंपनीत तो सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा.

ताईला आमदारकी कशी मिळाली ते इथेच सांगायला हवं. आमदार आधी माझे मेहुणे होते. ते अपघातात गेले तेव्हा ताई शाळेत मराठी शिकवत होती आणि तिचा पहिला कथासंग्रह छापखान्यात होता. तेराव्याच्या आधी पोटनिवडणुकीसाठी तिचं नाव ठरलं. ठरल्यानंतर तिला विचारलं. विरोधी पक्षांनी उमेदवार दिले नाहीत. आमदार वारला आणि त्याच्या घरचं कोणी उभं राहिलं, तर समोर कोणी उभं राहायचं नाही. गेलेल्या माणसाचा तो मान, असं आपल्याकडे मानतात. वर्तमानपत्रं त्याला महाराष्ट्राची राजकीय संस्कृती म्हणतात. ताई बिनविरोध निवडून आली. गुलाल उधळला, तिच्या पांढऱ्या साडीवरही पडला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी ती मला फोनवर म्हणाली होती, "मला कोणी निवडलं नाही गं. फक्त कोणी नाही म्हटलं नाही."

पुढच्या निवडणुकीत समोर चांगले तगडे लोक उभे राहिले. ती रानोमाळ फिरली, आवाज बसला, थोडक्यात जिंकली. त्या दिवशी तिचा आवाज मला ओळखू आला नाही, पण ती हसत होती. म्हणाली, आता झाले आमदार.

विधानसभेत तिला 'आमच्या लेखिका' म्हणायचे. ते कौतुक नसायचं. बाई हिशेबाचं बोलायला लागली की तिला तिच्या गोष्टींची आठवण करून द्यायची, इतकंच. साहित्यातले लोक तिला 'आमदारबाई' म्हणायचे, तेही कौतुक नसायचं. तिच्या दुसऱ्या पुस्तकाच्या परीक्षणात कोणीतरी लिहिलं की राजकारणात असूनही लेखिकेची संवेदना शाबूत आहे. ताईने ते मला वाचून दाखवलं आणि विचारलं, "हे काय गं, मी दूध आहे का, नासलं नाही म्हणायला?"

दरवर्षी अधिवेशन संपलं की ती माझ्याकडे यायची. माझा नवरा मरीन इंजिनिअर, वर्षातला बराचसा काळ जहाजावर. मुलगी तिच्या कॉलेजात. मी विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरीला. मी सकाळी कामावर निघाले की ताई कागद घेऊन खाली व्हॉइड डेकवर जायची. इथल्या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवलेला असतो, तिथे दगडी टेबलं असतात, वर बुद्धिबळाचा पट काढलेला. समोरच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या ठेल्यावरून कोपी, म्हणजे इथली कॉफी, आणायची आणि लिहीत बसायची. पलीकडच्या टेबलावर चिनी म्हातारे सोंगट्या आपटत असायचे. तिच्यासाठी कोणी उठून उभं राहायचं नाही. "इथे मला कोणी नमस्कार करत नाही," ती म्हणायची, "म्हणून किती काम होतं बघ." तिचं दुसरं पुस्तक त्या टेबलावर झालं, तिसरंही.

शेवटच्या खेपेला एका रविवारी भाचा आला होता, सेरंगून रोडवरच्या भारतीय दुकानातून शेव आणि बाकरवडी घेऊन. आम्ही तिघं त्याच टेबलाशी बसलो. ताईने सहज बोलावं तसं सांगितलं की ही टर्म संपली की पुरे. पुढच्या वेळी वकीलबाई उभी राहील.

वकीलबाई म्हणजे तालुक्याच्या कोर्टात वकिली करणारी, ताईहून बरीच लहान बाई. टाकलेल्या बायकांचे खटले ती चालवायची, आणि ताई सभागृहात बोलायला उठण्याआधी भाषणातल्या चुका काढायची. ताईचं तोंडावर चुकलं म्हणणारं त्या गावात दुसरं कोणी नव्हतं.

भाचा हसला. म्हणाला, आणि पक्ष काय म्हणेल?

"पक्षाला मी सांगेन," ताई म्हणाली. "पण तिला लढून येऊ दे. माझ्या नावावर तर कोणाला बिनविरोध निवडून द्यायचं नाही. ते काय असतं ते मी भोगलंय."

मग तिने बाकरवडी तोडली आणि पलीकडच्या म्हाताऱ्यांचा डाव कोण जिंकतंय ते मला विचारलं. हे बोलणं ऐकणारे आम्ही दोघं होतो, मी आणि तो.

तेरावं उरकून भाचा सिंगापूरला आला तो सामान आवरायलाच. माझ्याकडे जेवायला आला. वरणभात कालवता कालवता म्हणाला की पक्षाने त्याचं नाव नक्की केलंय, दुसऱ्या पक्षांशीही बोलणं झालंय, कोणी उभं राहणार नाही. मी त्याला व्हॉइड डेकवरच्या त्या रविवारची आठवण दिली.

"आई थट्टेत म्हणाली होती मावशी."

मी म्हटलं, तुझी आई थट्टा कशी करायची ते मला माहीत आहे, ती थट्टा नव्हती.

त्याने ताट थोडं पुढे सरकवलं. "आणि आई स्वतः कशी आमदार झाली? बाबा गेले म्हणूनच ना? तेव्हा तुम्हाला कोणाला संस्कृती बोचली नाही."

यावर माझ्याकडे उत्तर होतं, की तिला तेव्हा आमदार नाही, लेखिका व्हायचं होतं; पण ते त्याला समजण्यासाठी त्याने तिचं पहिलं पुस्तक वाचलेलं असायला हवं होतं. मी ताट पुन्हा त्याच्याकडे सरकवलं. मग तो जरा मऊ झाला. कंपनीत माणसं कमी करताहेत, कामाच्या पासची मुदत संपत आलीय, इथे आपण कोण आहोत, पास संपला की निघा, असं बरंच बोलला. ते खोटं नव्हतं. नोकरी जाणाऱ्या माणसाची मला कीव येते. पण त्याला नोकरी हवी होती आणि ती त्याला ताईच्या चितेवर मिळत होती, हेही खोटं नव्हतं.

माझी मुलगी शेजारच्या खोलीतून ऐकत होती. तो गेल्यावर तिने विचारलं की समोर कोणीच उभं नसेल तर दादा हरवणार कोणाला. मी तिला ती प्रथा समजावून सांगितली. तिने खांदे उडवले. "ओके, वॉकओव्हर ला," इथल्या मुलांसारखा शेवटी 'ला' लावून ती म्हणाली आणि दात घासायला गेली.

पोटनिवडणुकीचे अर्ज भरणं सुरू झालं तेव्हा वकीलबाईचा फोन आला. ती मला धाकट्या ताई म्हणते. आधी तब्येत विचारली, मग म्हणाली, "धाकट्या ताई, एक विचारते, खरं सांगा. ताई माझ्याबद्दल काही बोलल्या होत्या का? की मीच मनाचे मांडे खातेय?"

मी तिला शब्द न् शब्द सांगितला. तिच्या मागे कोर्टाच्या आवारातला गलका ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी तिने अपक्ष म्हणून अर्ज भरला.

मग मला पक्षाच्या जिल्हाध्यक्षांचा फोन आला. फार गोड बोलले. ताईंची सख्खी बहीण म्हणून तुमच्या शब्दाला वजन आहे, तेवढा एक छोटा व्हिडिओ करून पाठवा, की माझ्या बहिणीच्या स्मृतीचा मान राखा आणि अर्ज मागे घ्या. मजकूर ते लिहून पाठवणार होते. मी म्हटलं, व्हिडिओ करते, मजकूर माझा असेल.

त्या दगडी टेबलाशी बसूनच मी तो केला. ताई या ठिकाणी काय म्हणाली, केव्हा म्हणाली, तेव्हा कोण हजर होतं, एवढंच सांगितलं. वकीलबाईला पाठवला आणि लिहिलं, याचं काय करायचं ते तू ठरव. तिने तो लोकांपुढे ठेवला. दोन दिवस तो गावभर फिरला. परदेशात एसीत बसून गावाला अक्कल शिकवणारी कोण ही, असं एकाने लिहिलं. माझ्याकडे एसी आहे, ते खरं आहे. भाच्याने पत्रकारांना सांगितलं की मावशी आम्हाला आईसारख्या आहेत, त्या दुःखात आहेत, त्यांना विश्रांतीची गरज आहे. तो खोटं बोलला असं मला कुठे सिद्ध करता येणार? त्याने मला वेडीही म्हटलं नाही. तेवढं न म्हणता त्याने ते सगळ्यांना कळवलं.

वकीलबाईला कोणी धमकी दिली नाही. तसं काही झालं असतं तर ती हटली नसती, ते कामच आहे तिचं. अर्ज मागे घ्यायची मुदत जवळ आली तेव्हा पक्षाच्या बायका तिच्या घरी आल्या. ताईचा मोठा फोटो आणला होता, चंदनाचा हार घातलेला. दारासमोर पाटावर तो ठेवला, समई लावली आणि भजनं म्हणत बसल्या. घोषणा नाही, शिवी नाही. वकीलबाईच्या सासूने त्यांना चहा दिला. त्यातल्या अर्ध्या बायकांचे खटले वकीलबाईनेच चालवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टात जायला वकीलबाई निघाली. दार अरुंद. फोटो आणि भिंत यांच्यामधून साडी सावरत जाताना तिचा पाय पाटाच्या कोपऱ्यावरून गेला. कोणीतरी मोबाईल धरलेलाच होता. दुपारपर्यंत ते प्रत्येकाच्या हातात पोचलं. खाली लिहिलं होतं, ताईंना ओलांडून गेली.

मला तो व्हिडिओ तिनेच पाठवला. मी पाहिला. फोटो मला ओळखीचा होता. ताई माझ्या गॅलरीत उभी होती तेव्हा मी काढलेला. त्यांनी मागची बिल्डिंग पुसून आकाश घातलं होतं.

त्याच संध्याकाळी वकीलबाईचा फोन आला.

"घेतला मागे," ती म्हणाली. "त्यांच्याशी भांडले असते हो. ताईंशी कशी भांडू?"

मी म्हटलं, तो फोटो म्हणजे ताई नव्हे. ती म्हणाली, ते तुम्हाला आणि मला माहीत. मग म्हणाली की सासू दोन दिवस जेवली नाही, आणि उद्या एक सुनावणी आहे, तिची तयारी करायचीय. तिने फोन ठेवला. मी तिला दोष देत नाही. मी इथे सहाव्या मजल्यावर राहते, माझ्या दाराशी पाट ठेवायला कोणी येत नाही.

भाचा बिनविरोध निवडून आला. सगळ्या पक्षांनी त्याचं आणि एकमेकांचं अभिनंदन केलं. ताईला ही खरी श्रद्धांजली, असं प्रत्येकाने म्हटलं, सभागृहात तिला अडवणाऱ्यांनीही. शपथ घेताना तो अडखळला नाही. पहिल्या भाषणात आईचा साहित्यिक वारसा पुढे नेण्याबद्दल बोलला. जाण्याआधी बुओना व्हिस्टाचा फ्लॅट सोडताना ताईची पुस्तकं एका खोक्यात घालून माझ्याकडे आणून ठेवली होती. वजन फार होतंय मावशी, म्हणाला, विमानात पैसे लावतात.

रविवारी मी कधीतरी खाली जाते. कोपी घेते. म्हातारे खेळत असतात. त्यांतल्या एकाने मला एकदा विचारलं की ती लिहिणारी बाई येत नाही का हल्ली. मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि सोंगटी हातातच धरून थोडा वेळ थांबला. तिच्या मरणाबद्दल मला कोणी दाखवलेला तेवढाच मान.

मी इथली नागरिक झाले त्याला बरीच वर्षं झाली, तिकडच्या मतदारयादीत माझं नाव नाही. ताईच्या जागेवर भाचा आहे. वकीलबाई कोर्टात जाते. तीन पुस्तकांच्या प्रती माझ्या कपाटात आहेत. त्या रविवारी ताई काय म्हणाली ते आम्ही दोघांनी ऐकलं होतं, आणि ऐकलं असं म्हणणारी आता मी एकटी आहे.