चौथं नाव

तिला सगळे कात्रीच म्हणायचे. एक तर ती कपडे दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होती. पँट आखूड करायची, तुटलेल्या चेन बदलायची, गिऱ्हाइकांच्या कमरा सैल करून द्यायची. आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. "गिऱ्हाइकाला तोंडावर जाड म्हणू नये," असं मालकानं सांगितलं तर ही म्हणायची, "मग काय, कापड आपोआप आखडलं म्हणू?"

अशा बाईवर रस्त्यावर यायची वेळ आली, तरी जीभ काही बोथट झाली नाही. राहत होते ती इमारत धोकादायक ठरली आणि दोन दिवसांत दाराला सील लागलं. पर्यायी जागा देतो म्हणणारे जे गायब झाले ते झालेच. नवरा टेम्पो चालवायचा. त्याच टेम्पोच्या हौद्यात ती, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी झोपू लागले. प्रश्न होता सासूचा. म्हातारीचे गुडघे कामातून गेलेले, तिला वर चढवताना दोघांच्या नाकी नऊ यायचे. त्यात थंडी मी म्हणत होती.

जवळच्या बेघरांच्या रात्रनिवाऱ्यात पलंग होते, पण ज्यांचं कुणीच नाही अशा म्हाताऱ्यांसाठीच. कात्रीनं फार विचार केला नाही. "आई, दारावर विचारतील, तुमचं कोण आहे? सांगायचं, कुणी नाही."

"धडधाकट मुलगा असताना?" सासू फणकारली.

"थंडीनं गेलात तर त्या मुलाचं काय लोणचं घालायचंय?"

म्हातारी गेली. पण तिथला नियम असा की दारावरचा कारकून रोज संध्याकाळी तोच प्रश्न नव्यानं विचारायचा आणि उत्तर नव्यानं लिहायचा. अकरा महिने हेच चाललं. मुलगा आणि सून समोरच्या कोपऱ्यावर उभे राहायचे, म्हातारी आत गेली की टेम्पोकडे वळायचे.

मग बेघर कुटुंबांना घर मिळवून देणाऱ्या एका कार्यक्रमातल्या ताई भेटल्या. वयानं लहान, पण चिकाटी दांडगी. त्यांनी कागद जमवले, खेटे घातले, आणि तळमजल्यावरच्या दोन खोल्या मंजूर करून आणल्या. पहिलं वर्षभर भाडं कार्यक्रम देणार होता. मंजुरीत माणसं मात्र तीनच. निवाऱ्याच्या वहीत म्हातारी निराधार होती, आणि मंजुरीबाहेरचं माणूस घरात सापडलं तर घर जाणार होतं.

"चौथं नाव घाला, नाहीतर चावी तुमच्याकडेच ठेवा," कात्री म्हणाली. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं.

ताई सगळ्यांना कार्यक्रमाच्या साहेबांकडे घेऊन गेल्या. साहेबांनी वर न बघताच विचारलं, "आजी, तुमचं कोण आहे?"

"कुणी नाही," म्हातारी म्हणाली.

अकरा महिन्यांची सवय ती, तोंडातून निघून गेलं. मुलगा शेजारीच बसला होता. त्यानं मान खाली घातली. म्हातारीनं तोंडावर हात ठेवला, पण साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "विषय संपला."

"संपला कसा?" कात्री उभी राहिली. "त्यांना हे बोलायला मी शिकवलं."

"मग तसं लेखी द्या. पण खोटी माहिती दिलीत म्हणून मिळालेलं घरही जाऊ शकतं. समिती ठरवेल."

बाहेरच्या बाकावर ताई हळूच म्हणाल्या, "वहिनी, 'चूक झाली, माफ करा' एवढं लिहा. समिती नरमते."

कात्रीनं लिहिलं, "सासूबाईंना कुणी नाही, हे खोटं मी बोलायला लावलं. त्यांना मुलगा, सून, नात आहे. पलंग मिळाला म्हणून त्या आज जिवंत आहेत. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा हेच करीन."

"अगं, शेवटची ओळ तेवढी खोड," नवरा काकुळतीला आला.

"नाही खोडणार. पहिलं खोटं जीव वाचवायला बोलले. चूक झाली असं लिहिलं तर ते दुसरं खोटं, आणि तेही नुसती हांजी हांजी करायला."

"दे गं ते पेन इकडे," सासू म्हणाली. तिनं खाली लिहिलं, "मीसुद्धा."

ताईंनी दोघींकडे पाहिलं आणि शिफारस म्हणून खाली आपली सही ठोकली. "माझी नोकरी गेली तर तुमच्या दुकानात काजं-बटणं करायला येईन," त्या म्हणाल्या.

समिती बसेपर्यंत पंधरा दिवस गेले. कात्री भ्यायली होती, चांगलीच भ्यायली होती. आपल्या ताठ्यापायी पोरीचं छप्पर गेलं तर, हा विचार पाठ सोडत नव्हता. दोनदा तिनं चेन उलटी शिवली. पण तो कागद परत मागायला काही ती गेली नाही.

शेवटी ताई पत्र घेऊन दुकानातच आल्या. घर मंजूर, माणसं चार. खाली साहेबांचा शेरा होता: "अर्जदाराने खेद व्यक्त केलेला नाही."

कात्रीनं तो दोनदा वाचला. मग कागदाची नीट घडी घालत म्हणाली, "चला, आमच्याबद्दल एकदाचं कुणीतरी खरं लिहिलं."