दोन सुतांचा फरक

दर रविवारी सकाळी चहाच्याही आधी आमचे हे अर्ध्या चड्डीवर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "घे माप." मी शिवणकाम करते, त्यामुळे टेप गळ्यात असतोच. मान, दोन्ही दंड, दोन्ही पोटऱ्या. शरीरसौष्ठवाचा म्हणे जुना नियम आहे, या सगळ्यांचा घेर एक आला पाहिजे. मी आकडे सांगायचे, त्यांनी ते कॅलेंडरच्या मागे लिहायचे आणि मग दुपारपर्यंत तोंड पाडून बसायचं. अकरा वर्षं हे चाललं. एवढा जीव मी गिऱ्हाइकांच्या कपड्यांना लावला असता तर आज माझी दोन दुकानं असती.

ते फरश्या बसवतात. एकदा एका बाथरूमची लावलेली भिंत त्यांनी स्वतःच उखडली, कारण कोपऱ्यातला सांधा केसभर जास्त होता. घरमालक हात जोडून सांगत होता की मला काही दिसत नाही, राहू द्या. असा माणूस जिमला गेला की काय होणार? बाकीचे अंग वाढवायला जातात, हे जुळवायला गेले. एका वर्षी दंड पोटऱ्यांच्या अर्धा इंच पुढे गेले, तर यांनी सहा महिने दंडांचा व्यायामच बंद केला. मी उकडलेल्या अंड्यांवर पोसलेलं अंग हा माणूस मुद्दाम उतरवत होता. नणंद आली तेव्हा मला बाजूला घेऊन विचारते, "वहिनी, दादाला काही झालंय का गं?" काय सांगणार, कपाळ?

त्यांच्या जिममध्ये एक जण आहे, त्याला सगळे कपाट म्हणतात. छाती खरोखर कपाटाएवढी, आणि पाय टीपॉयचे. तरी दर वर्षी शहराच्या स्पर्धेतली मोठी ढाल तोच घेऊन येतो. आणि आमच्याकडे? सात वेळा नाव दिलं, सातही वेळा मागे घेतलं. एकदा तर अंगाला रंग लावून झाला होता, चड्डीला नंबराचा बिल्ला लागला होता, आणि स्टेजच्या पायऱ्यांपाशी मला म्हणाले, "डावी पोटरी कमी आहे. चल घरी." मी गेले. तो रंग महिनाभर चादरींवरून निघाला नाही.

डाव्या पोटरीचं कारण सरळ आहे. कामावर ते डावा गुडघा टेकून बसतात आणि उठताना सगळा भार उजव्या पायावर देतात. वीस वर्षं दिवसातून शंभरदा उठायचं म्हटल्यावर उजवी पोटरी भरणारच. फरक कधी तीन सूत, कधी दोन. आठ सुतांचा एक इंच, हा हिशेब मला लग्नाआधी ठाऊकही नव्हता.

या वर्षी डॉक्टरांनी गुडघ्यांचे एक्स-रे बघितले आणि सांगितलं, एवढी स्पर्धा करा, मग वजनं उचलणं बंद. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. त्यात स्पर्धेवाल्यांनी प्रमाणबद्ध शरीरासाठी वेगळी ढाल ठेवली. आता तरी हा माणूस स्टेजवर चढेल, अशी मी आस लावून बसले.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी माप घेतलं. मान सोळा. दंड सोळा आणि सोळा. उजवी पोटरी सोळा. डावी पावणेसोळा. मी खाली बसले होते. वर बघितलं तर ते श्वास धरून उभे.

"सोळा," मी म्हणाले.

"नीट बघ."

"सोळाच आहे. दूध उतू जाईल, सोडा मला."

त्यांनी आकडा लिहिला आणि कॅलेंडरकडे बघून हसले. मला अपराधी वगैरे काही वाटलं नाही. सुटले, एवढंच वाटलं.

ते स्टेजवर चढले. कपाटाच्या शेजारीच त्यांचा नंबर होता. त्यांना असं लांबून मी कधी पाहिलंच नव्हतं. टेप लावताना माणूस तुकड्यातुकड्याने दिसतो, इथे मान, तिथे दंड. त्या दिवशी मानेपासून टाचेपर्यंत माझी नजर कुठेच अडली नाही, अंगाला चोख बसलेल्या कोटावर अडत नाही तशी. कपाट बिचारा शेजारी नुसताच मोठा दिसत होता. मला रडू आलं, आणि या वेड्यापायी रडू यावं याचा रागही आला.

मोठी ढाल कपाटाला गेली, प्रमाणबद्धतेची यांना मिळाली. हातात माइक दिला तर म्हणाले, "अकरा वर्षं माझी बायको माप घेते. तिचा टेप खोटं बोलत नाही." लोकांनी मागे वळून माझ्याकडे बघत टाळ्या वाजवल्या. मी पिशवीत उगाच किल्ली शोधत राहिले.

घरी ढाल टीव्हीशेजारी बसली. दूधवाला आला, त्याला टेपची गोष्ट. शेजारचे काका आले, त्यांना टेपची गोष्ट. चौथ्या दिवशी मावससासूबाईंना तीच गोष्ट सांगून झाली, त्या कौतुकाने माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या, आणि मला ते असह्य झालं.

"डावी पावणेसोळा होती," मी म्हणाले. "त्या रविवारी. खरं सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा पळाला असतात."

त्यांनी भांडायला हवं होतं. भांडणात मी त्यांना सहज भारी पडले असते, अकरा वर्षांचं साठलेलं होतं माझ्याकडे. ते भांडले नाहीत. ढाल उचलली, पिशवीत घातली आणि प्रमाणबद्धतेत यांच्या मागोमाग दुसरा आलेला एक न्हावी होता, त्याच्या दुकानात गेले. न्हावी शहाणा, तो म्हणाला, पंचांनी डोळ्यांनी बघून दिलीय, मला कशाला? तरी हे ती त्याच्या आरशाखाली ठेवून आले.

मग मात्र माझा तोल गेला. "पंचांना दिसलं नाही, लोकांना दिसलं नाही, त्या न्हाव्यालासुद्धा दिसलं नाही. अख्ख्या जगात कोणाला दिसलं नाही ते दोन सूत."

"तुला दिसलं होतं," ते म्हणाले आणि आंघोळीला गेले.

पुढच्या रविवारी मी चहा करत होते. वजनं सुटली, तरी माप काही सुटणार नव्हतं, म्हणून मी हात पुसून तयार राहिले. ते दारात आलेच नाहीत. जाऊन बघते तर बाहेरच्या खोलीत खुर्चीवर पाय ठेवून, कंबरेत वाकून, स्वतःच पोटरीला टेप गुंडाळत होते. टेप नवा होता, घडी अजून मोडलेली नव्हती.

"अहो, असं वाकलं की पोटरी फुगते," मी म्हणाले. "आकडा चुकेल तुमचा. द्या इकडे."

त्यांनी टेप सोडला नाही.

"चुकलेला चालेल मला," ते म्हणाले.